चंपावतीचं तोंड

कच्चं

विहिरीच्या काठाशी घोडा उधळला आहे. चंपावती उजवीकडे, खाली, लगामाला लोंबकळते आहे. एक पाय रिकिबीत, दुसरा हवेत. तोंड वर. ओठ जरा उघडे, कारण चित्रासाठी समोर बसलेल्या मुक्ताबाईला खोकला आला होता आणि मच्छिंद्रने ओठ तसेच ठेवले. डाव्या भुवईत खाच आहे. मुक्ताबाईला लहानपणी पारनेरला चारा कापताना भावाचा विळा लागला होता. हनुवटी पुढे आलेली, हट्टी. जाड कागद, पाण्याचे रंग. खाली पेन्सिलीत लिहिलंय: पतंग चित्रमाला, 'चंपावती आणि बोलकी विहीर', मुखपृष्ठ.

छापील

घोडा तोच, विहीर तीच. चंपावती डावीकडे, वर. लोंबकळत नाही, ताठ बसली आहे. तोंड समोर. ओठ मिटलेले, भुवया अखंड, हनुवटी गोल. हिला कुठंतरी पाहिलंय असं वाटावं आणि कुठं ते कधीच आठवू नये, असं तोंड.

*

मुक्ताबाईने छापील चंपावती पहिल्यांदा पाहिली ती नगरला, माळीवाड्याच्या एस.टी. स्टँडवर. पारनेरच्या गाडीतून ती उतरली होती. कडेवर माला, डोक्यावर गाठोडं. पुस्तकांच्या स्टॉलपुढे दोरी बांधलेली आणि दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगलेली. त्यात पतंग चित्रमालेचा नवा अंक होता. हे चित्र काढलं जात असताना ती गादीच्या वळकटीवर घोडा समजून बसली होती, खुंटीला बांधलेली दोरी लगाम म्हणून धरून खांदे भरून येईपर्यंत लोंबकळली होती. आपण कशा दिसतो ते बघायचं म्हणून तिने माहेरचा मुक्काम आवरता घेतला होता.

तिने दोरीवर पाहिलं. मग दोरीच्या त्या टोकापर्यंत पाहिलं, दुसरा अंक आहे का म्हणून. नव्हता.

सावेडीला तेव्हा घरं कमी आणि बाभळी जास्त होत्या. त्या बाभळींच्या पलीकडे त्यांच्या दोन खोल्या. मच्छिंद्र शाळेत ड्रॉइंग मास्तर होता आणि उरलेल्या वेळात चित्रमालेची मुखपृष्ठं करायचा. अंक विकत घेऊन घरी आलेल्या मुक्ताबाईने गाठोडंसुद्धा खाली ठेवलं नाही.

"अहो, ही कोण?"

"कोण?"

"ही. माझ्या घोड्यावर बसलीय ती."

मच्छिंद्र हसला आणि आईकडे बघायला लागला. भीमाबाई ज्वारी निवडत होत्या. सुपातून मान वर न काढता म्हणाल्या, "मीच सांगितलं त्याला. घरच्या सुनेचं तोंड बाजारात दोरीला टांगायचं व्हय? भज्याचं हात लावत्यात पोरं त्या बुकाला. उद्या तुझ्या तोंडात कुनीतरी भेळ बांधून आनंल."

"मग बसवलं कशाला मला दोरीला लोंबकळत?"

"अगं, अंग तुझंच आहे," मच्छिंद्र म्हणाला. "घोडा धरायची ढब तुझीच. फक्त तोंड बदललं, आणि ते समोर यावं म्हणून वर ताठ बसवलं. मी श्रीमंतला तसं सांगितलं."

श्रीमंत म्हणजे तोफखाना भागातल्या बोळातल्या शिळाप्रेसवरचा कारागीर. मच्छिंद्र कागदावर चित्र काढायचा, पण छापलं जायचं ते श्रीमंतने काढलेलं. कच्चं चित्र समोर ठेवून, आरशात बघून, तो ते सगळं चित्र गुळगुळीत दगडावर पुन्हा उलटं काढायचा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. रेषा काळ्या दगडावर. दगडावर आलं ते कागदावर येणार.

"मग त्यांनी कुणाचं तोंड काढलं?"

"कुणाचंच नाही. मी तेच सांगितलं त्याला, कुणाच्या तोंडासारखं तोंड नको. उगाच उद्या कुणी भांडायला यायचं."

मुक्ताबाईने अंक पुन्हा उघडून मिटला. माला कडेवरून वाकली आणि तिने चित्रातल्या घोड्याला हात लावला. तोंडाला लावला नाही.

*

कच्चं

वाघ लोखंडाचा आहे. छाताडाला कडी, कडीला कुलूप. चंपावती त्याच्या पंजांखाली उताणी. तोंड अर्धंच दिसतं, तेही केसांनी झाकलेलं. डोळा एकच. तो मुक्ताबाईचा आहे.

छापील

चंपावती डावीकडे, वर. तोंड समोर, पूर्ण. वाघ तिच्या पायाशी, मांजराएवढा.

*

या वेळी मच्छिंद्रच चिडला. तोंडाचं त्याला काही नव्हतं. चित्राची मांडणी गेली होती. वाघाखाली पडलेली बाई वाघाच्या डोक्यावर उभी, म्हणजे गोष्टच उलटी. सायकल काढून तो तोफखान्यात गेला आणि परत येऊन त्याने सायकल भिंतीला टेकवली.

"पाणी नाही," तो म्हणाला.

दुष्काळाचं साल होतं. नगरात नळाला दिवसाआड पाणी, सावेडीला टँकर. लिथोचा दगड एकदा छापून झाला की जुनं चित्र घालवायला वाळू आणि पाणी टाकून दुसऱ्या दगडाने तासन् तास घासावा लागतो. पाण्याच्या घागरीच्या घागरी जातात. श्रीमंतने युक्ती काढली होती. चंपावतीचं तोंड दर महिन्याला लागतंच, मग ते घासायचं कशाला? तो तेवढी जागा सोडून बाकीचा दगड घासायचा आणि नवं चित्र त्या तोंडाच्या भोवतीने बसवायचा. चित्रमालेचे मालक गहिनीनाथशेठ खूश होते. पाणी वाचतं, वेळ वाचतो आणि पोरंसुद्धा आता तोंड बघूनच अंक उचलतात, असं त्यांचं म्हणणं.

"म्हणजे चंपावती कायम तिथंच उभी राहणार?" मुक्ताबाईने विचारलं.

"पाऊस पडेपर्यंत."

"आणि मी कायम वाघाखाली."

"तू बैस गं फक्त," मच्छिंद्र म्हणाला. "तू बसल्याशिवाय माझ्या हाताला अंग येत नाही."

*

चौकट

टँकर. हंड्यांची रांग बाभळीपर्यंत गेलेली. बायका उन्हात पदर ओढून बसल्यात. मुक्ताबाई आपला हंडा उचलायला वाकली आहे.

"ए बाई! त्यो हंडा ठिव खाली." ही छबूबाई, शेजारची. "त्यो मुक्ताबाईचा हाय. मास्तरची बायको."

चौकट

मुक्ताबाई तशीच वाकलेली.

"छबूबाई, मीच आहे."

चौकट

छबूबाई डोळ्यांवर हात धरून बघते. मग हसते, सगळे दात दाखवून.

"आगं माझे बाई! ऊन लागलं डोळ्याला. तुला वळखलंच न्हाई बघ. कुणावानी दिसायलीस गं तू?" शेजारणीला कोपर मारते. "कुणावानी दिसती गं ही?"

चौकट

शेजारीण मुक्ताबाईकडे बघते आहे. तिला आठवतंय असं वाटतं, पण आठवत नाही.

चौकट

रिकामी. टँकर गेलेला. मातीत चाकांचे ओले पट्टे.

*

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. माणसं उन्हाने हैराण होती, सगळ्यांचीच तोंडं सुकली होती. मुक्ताबाई घरी येऊन आरशात बघायची. आरशात ती होती तशीच होती. भुवईवर बोट फिरवलं की खाच बोटाला लागायची.

पण वाणी तिला 'नव्या आलात का?' म्हणाला. रेशनच्या डेपोवर कार्डावरचं नाव वाचून माणसाने तिच्याकडे दोनदा पाहिलं. भीमाबाईंनी तिला नावाने हाक मारायचं कधी बंद केलं ते कळलंच नाही. त्या आता 'अगं बाई' म्हणायच्या, दारावर आलेल्या कुणालाही म्हणावं तसं. तीन खेपा वेगवेगळ्या माणसांनी तिला चंपावती म्हणून हाक मारली. त्यातला एक सायकलवाला होता. तो थट्टा करत होता, आणि हाक मारून झाल्यावर त्याची थट्टा थांबली.

मोठ्या माणसांचं तिने मनावर घेतलं नसतं. मोठी माणसं चार दिवस बघतात आणि सवय लावून घेतात. माला सवय लावून घेईना.

माला नुकती बोलायला लागली होती. सकाळी उठली की ती मुक्ताबाईकडे टक लावून बघायची. मग तिच्या पाठीमागे बघायची, मग दाराकडे. घास पुढे केला की तोंड फिरवायची. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून मुक्ताबाई तिच्यामागे सगळ्या घरभर फिरायची आणि शेवटी वाटी सासूच्या हातात द्यायची. भीमाबाईंच्या हातून पोर मुकाट जेवायची. झोपेत मात्र ती मुक्ताबाईच्याच कुशीत शिरायची, पदराचं टोक मुठीत घट्ट धरायची. डोळे उघडले की मूठ सुटायची.

एकदा दुपारी माला उंबऱ्यावर बसून होती. मुक्ताबाई तिच्याजवळ जाऊन बसली.

"माले, काय बघतेस गं?"

"आई कुठंय?"

"ही काय. मी."

मालाने तिच्याकडे पाहिलं. लहान मूल परक्या बाईशी वागतं तसं, जरा लाजून, अंग चोरून ती हसली. आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागली.

त्या दिवसापासून मुक्ताबाईला एकच हवं होतं. पोरीने ओळखावं. बाकी कुणी नाही ओळखलं तरी चालेल.

*

कच्चं

खिडकीशी उजेडात ती बसली. मच्छिंद्रने 'आंधळा सरदार' या अंकाचं चित्र मांडलं होतं. चंपावती दिवा घेऊन जिना चढते. मुक्ताबाई हातात पितळी तांब्या धरून बसली होती, दिवा म्हणून. ती त्याला म्हणाली, "आज तोंड नीट काढा. सावकाश काढा." त्याने सावकाश काढलं. झाल्यावर तिने कागद बघितला. ओठ मिटलेले. भुवया अखंड. हनुवटी गोल.

"हे कुणाचं काढलंत?"

"तुझं."

"श्रीमंतचं बघून काढलंत."

"श्रीमंतचा अंक समोर कुठंय? मी जे दिसतं ते काढतो, मुक्ता."

भिंतीवर बोलक्या विहिरीचं कच्चं चित्र खिळ्याला लावलेलं होतं. तिने बोट दाखवलं. "मग ती कोण?"

मच्छिंद्र उठून भिंतीपाशी गेला. बराच वेळ बघत राहिला. त्याला काही लपवायचं नव्हतं, हेच तिला भयंकर वाटलं.

"तेव्हा माझा हात बसलेला नव्हता," तो म्हणाला. "चुकली असेल."

छापील

खिडकीशी उजेडात ती बसली. मच्छिंद्रने चित्र काढलं. चांगलं आलं. गहिनीनाथशेठ म्हणाले, मास्तर, आता कुठं तुमचं कच्चं आणि आमचं छापील जुळायला लागलं. मास्तरच्या बायकोने चहा केला. ती बोलली नाही, पण ती मुळातच कमी बोलते.

*

पुढे पाऊस झाला. मोठा नाही, पण नळ वाहायला लागले. मुक्ताबाई वाट बघत होती. आता श्रीमंत दगड पुरता घासेल. नवा अंक आला. चंपावती डावीकडे, वर. तोंड समोर.

तिने भिंतीवरचं कच्चं चित्र काढलं, गुंडाळी केली, मालाला भीमाबाईंपाशी सोडलं आणि चालत तोफखान्यात गेली.

दुपारची वेळ होती. प्रेस म्हणजे एक लांबट खोली. बिडीच्या लेबलांचे ताव दोरीवर वाळत घातलेले, शाईचा आणि गोंदाचा वास. श्रीमंत आरशापुढे वाकून काम करत होता. पन्नाशीचा माणूस, नाकावर चष्मा. चाहूल लागली तशी त्याने आरशातच वर पाहिलं आणि हातातली पेन्सिल खाली पडली.

तो वळला नाही. आरशात बघतच म्हणाला, "कोन तुमी?"

"सावेडीहून आलेय."

"कुनाकडनं?"

"मास्तरांकडून."

मग तो वळला, पण मागे सरकून. मध्ये टेबल राहील असा उभा राहिला.

"पाणी आलंय ना आता?" मुक्ताबाई म्हणाली. "मग ते तोंड का घासत नाही?"

श्रीमंतने खोलीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे एक दगड भिंतीकडे तोंड करून, पोत्याखाली उभा केलेला होता.

"घासलं," तो म्हणाला. "आईच्यान, घासलं. वाळूनं घासलं, कुरुंदानं घासलं. दंड भरून आले. तेवढ्या जागी दगडाला खळगा पडलाय. बशीवानी. आन् तोंड खळग्याच्या तळाला, जसंच्या तसं."

"मग दुसऱ्या दगडावर काढायचं."

"काढलं की. अंग काढलं, घोडा काढला. तोंडाची जागा कोरी ठिवली, म्हटलं सावकाश बसून येगळं काढू. चहा पिऊन आलो." त्याने चष्मा काढला, धोतराच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. "बाई, पैल्या खेपेला मास्तर मला म्हनले, कुनाचं तोंड नको. लई अवघड काम हुतं ते. ज्याचं त्याचं तोंड हाताला येतं. आईचं येतं, बहिनीचं येतं, पलीकडच्या हाटेलातल्या पोराचं येतं. मी ते एक एक पुसत गेलो. सगळी पुसून झाल्यावर हे राहिलं. तवापास्नं मी ते काढलेलंच न्हाई. आपलं आपन हुतं."

"बघू."

"नका बघू."

तिने पोतं बाजूला केलं. दगड जड होता. श्रीमंत मदतीला आला नाही, पण शेवटी त्याने आरसा आणून दगडासमोर धरला, कारण दगडावरचं उलटं असतं, आरशातच सुलटं दिसतं. मुक्ताबाई दगडाशेजारी वाकली. आरशात खळगा दिसला, खळग्यात तोंड दिसलं. त्याच्या बाजूला दुसरं तोंड होतं. तेही तेच होतं.

तिने मान हलवली. दुसऱ्याने मान हलवली.

घरच्या आरशात जे कधी दिसलं नव्हतं ते तिने इथे पाहिलं. कुणी घाबरतं, कुणी हसतं, पोर अंग चोरते, ते कशाला बघून, हे तिला पहिल्यांदा कळलं. तोंड वाईट नव्हतं. चांगलंच होतं, रेखीव. त्यात घर नव्हतं कुणाचं, एवढंच.

"फोडू का?" श्रीमंत म्हणाला. त्याने टेबलाखालून घण काढला होता. "शेठ पुन्याला गेल्यात. सांगीन पडला म्हनून. तुमी म्हना फकस्त."

घण उचलला गेला. मुक्ताबाईचा हात आपोआप आपल्या गालावर गेला.

"नको," ती म्हणाली. "नको, नको. थांबा."

श्रीमंतने तिच्या हाताकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं आणि घण हळूच खाली ठेवला. तिने पोतं परत दगडावर टाकलं, कडा नीट खोचल्या, तान्ह्या पोराला पांघरूण घालावं तशा.

मग तिने आणलेली गुंडाळी टेबलावर उलगडली.

"हे काढा. बिडीच्या लेबलांचा दगड असेल त्यावर काढा. आधी तोंड काढा, जागा कोरी ठेवू नका."

श्रीमंत कागदावर वाकला. "बोलकी विहीर. हे झालंय की मागंच." मग त्याने लोंबकळणाऱ्या बाईवर बोट ठेवलं. "ही कोन?"

मुक्ताबाईच्या ओठांवर आलं होतं, मी. पण समोर उभा असलेला माणूस ते ऐकून काय करील ते तिला दिसलं.

"मास्तरांची बायको," ती म्हणाली. "मुक्ताबाई."

"व्हय, व्हय! वहिनी!" श्रीमंतचा चेहरा उजळला. "च्या मारी, लई दिस झालं, दिसल्याच न्हाईत. दिवाळीला डबा घेऊन आल्त्या. बऱ्या हायत ना?"

"पोरगी आठवण काढते त्यांची."

"काढनारच."

"म्हणून तोंड मोठं काढा. खरं असतं तेवढं. पोरीला दिसलं पाहिजे. घोडा नको, विहीर नको."

"घोड्याबगर चंपावती? शेठ मला उभा चिरत्याल."

"चंपावती नकोच."

श्रीमंत डोकं खाजवत राहिला. "आन् म्हातारी? मास्तरची आई? तिनंच तर सगळं सुरू केलं, घरचं तोंड बाजारात नको म्हनून."

"आत्याबाईंना मी सांगेन."

"तुमी?" श्रीमंत म्हणाला. "तुमी कोन लागता त्यांच्या?"

तिने कागदाची वळलेली कडा हाताने सपाट केली. त्याने भिंतीशी लावलेला एक दगड ओढला, त्यावरचा वाघछाप बिडीचा वाघ पुसायला वाळू घेतली. ती जाताना त्याने दारापर्यंत येऊन बोळात दोन्हीकडे पाहिलं.

*

कच्चं आणि छापील

तोंड. बाकी काही नाही. कपाळावर मोठ्या अक्षरांत 'पतंग चित्रमाला' आणि हनुवटीखाली 'चंपावती आणि सात दरवाजे'. दरवाजा एकही नाही. पाटीएवढा कागद, तोंड कडेपासून कडेपर्यंत. ओठ जरा उघडे, खोकला आल्यासारखे. डाव्या भुवईत खाच. हनुवटी पुढे.

*

अंक आल्याचं कळलं तशी मुक्ताबाई मालाला घेऊन माळीवाड्याला गेली. माला तिच्या कडेवर बसायची नाही. बोट धरून चालायची, तेही तिच्याकडे न बघता. स्टॉलची दोरी दिसली आणि बोट सुटलं.

"आई!"

स्टँडवर गाड्या लागत होत्या. पाथर्डीची, जामखेडची, खडीच्या कामावरून परतणारी माणसं टपांवर चढत होती. त्या सगळ्या गलक्यात पोर दोरीखाली उभी राहून दोन्ही हात वर करत होती. "आई! आई! घे!"

स्टॉलवाल्याने चिमटा काढून अंक खाली दिला. "घ्या. अजिबात उठाव नाही याला. शेठला म्हणावं, आधीचीच बाई बरी होती." मुक्ताबाईकडे बघून त्याला हसू आलं. "तुमच्यासारखीच होती की."

घरी येईपर्यंत मालाने अंक छातीशी धरला. भीमाबाई दळण आणायला गेल्या होत्या. मच्छिंद्र शाळेत. मुक्ताबाईने चूल पेटवून दूध कोमट केलं, भाकरी कुस्करली. मालाने नेहमीसारखं तोंड फिरवलं. खोलीच्या कोपऱ्यात ती अंक घेऊन बसली होती आणि कागदावरच्या ओठांना बोट लावून सांगत होती, "बोल. आई, बोल."

मुक्ताबाईने वाटी खाली ठेवली. दार लोटलं. मालाच्या हातून अंक सोडवून घेतला, पोर रडायच्या आत. मुखपृष्ठ शिलाईपासून अलगद सुटं केलं. भिंतीला टेकून खाली बसली आणि कागद दोन्ही हातांनी आपल्या तोंडापुढे धरला.

"माले," ती कागदामागून म्हणाली. "ये."

पोर थांबली. मग पावलं वाजली, पळत आली आणि मांडीवर अंग टाकलं तेव्हा कागद फाटता फाटता राहिला. मुक्ताबाईने एका हाताने कागद धरला, दुसऱ्याने घास चाचपून उचलला. समोरचं काही दिसत नव्हतं. शाईचा वास होता, आणि उजेडाला धरलेल्या पातळ कागदातून पलीकडचं तोंड उलटं उमटलं होतं, खाच डावीकडे, तिच्या खाचेसमोर. पोर जेवली. घास खाली सांडला तो तिनेच वेचून खाल्ला. वाटी पुसून झाली तरी ती उठली नाही, कागदाच्या कडेवरून मुक्ताबाईच्या कानातल्या कुड्यांशी खेळत राहिली आणि काहीबाही सांगत राहिली. इतके दिवस साठवून ठेवलेलं. कुत्र्याचं, टँकरचं, आणि एक बाई घरात राहते तिचं.

"कोण बाई?" मुक्ताबाईने विचारलं.

"ती," माला म्हणाली. "चांगली आहे."

मुक्ताबाईच्या श्वासाने कागद ओठांपाशी ओला व्हायला लागला होता. तिने श्वास नाकाने, हळू घ्यायला सुरुवात केली. हात भरून आला तसा बदलला. बदलताना कागद जरासाही खाली आला नाही.

दार ढकललं गेलं. पिठाच्या डब्याची कडी वाजली. भीमाबाई उंबऱ्यात थबकल्या असाव्यात, कारण पावलं आत आली नाहीत.

"मुक्ते?" त्या म्हणाल्या. आवाज मऊ पडला होता, माहेराहून आलेल्या लेकीला विचारावं तसा. "कवा आलीस गं?"

माला मांडीत झोपेला आली होती. मुक्ताबाईने कागद सरळ धरला.

"आत्ताच आले, आत्याबाई."